सुट्या गाठी

भडगावला स्टँडच्या भिंतीला लागून माझं मशीन.
शाळेची दप्तरं, चेन गेलेल्या बॅगा,
एकदा तर बँडवाल्यांच्या ढोलाची खोळ.
पण ही पिशवी फळीवर आली
आणि पायट्यावरचा माझा पाय थांबला.

खाकी नव्हे, खाकीचं उन्हानं जे होतं ते.
झाकणावर लाल फुली होती म्हणे;
आता पुसलेल्या कुंकवाएवढी उरलीय.
कोकिळाबाई म्हणाली, "मना बापनी शे.
पट्टा नवा लाव. मझारलं काही फेकू नको."

मझारलं मी एकेक काढलं.
बोथट नाकाची कात्री,
गणवेश फाडावा, कातडी नाही, म्हणून बोथट.
सेफ्टी पिनांची गंजकी डबी.
रबरी नळी, वाळल्या शेंगेसारखी कडक.
दोरी ओवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, कोरी:
नाव, पलटण, जखम, वेळ.
आणि जांभळ्या पेन्सिलीचं थोटूक,
जिभेवर ओलं केल्याशिवाय न उमटणारं.
सुपडू नर्सिंग ऑर्डर्लीनं इटलीहून घरी कळवलं होतं,
जीभ जांभळी झाली आहे, काळजी नसावी.
परत आला तेव्हा आईनं
आधी तोंड उघडायला लावलं, मग ओवाळलं.

सुई टोचली की त्याच पेन्सिलीनं
माणसाच्या कपाळावर इंग्रजी एम काढायचा,
पुढच्यानं पुन्हा टोचू नये म्हणून.
गावात आल्यावर कितीतरी वर्षं
त्याच्यानं कुणाला गंध लावणं झालं नाही.

एक त्रिकोणी फडकं. त्यावर छापलेली माणसं,
कुणाचा हात गळ्यात, कुणाचं डोकं बांधलेलं,
कुणाचा गुडघा. सगळे मिशाळ, सगळे शांत,
एकही ओरडत नाही.
हे फडकं इथंही राबलं:
कडबा-कुट्टीत बोटं गेलेला हिलाल,
जिनिंगच्या पट्ट्यानं ओढलेली भुराबाई,
चिंचेवरून पडलेलं मास्तरांचं पोर.
धुऊन धुऊन चित्रातले चेहरे गेले,
गाठ कुठं मारायची ते बाण तेवढे राहिले.

आणि तळाला दोन पुड्या. न फोडलेल्या.
नियम असा, बाईनं पाढ्यासारखा म्हटला,
जखमीला त्याच्याच खिशातली पट्टी बांधायची.
आपली ती आपल्यासाठी.
मी म्हटलं, मग एक त्यांची. दुसरी?
चाळीसगावची गाडी लागत होती, ती तिकडे बघत राहिली.
"मी बी इचारं व्हतं. तो म्हने,
ती नदी आपली गिरनाएवढीच व्हती. पन भरेल."
एवढंच.

पट्टा लावताना बाजूला एक जुनी फाट दिसली,
बोटभर. कुणीतरी शिवलेली.
शिंप्यानं नव्हे. शिंप्याचा दोरा धावतो,
एक टाका दुसऱ्याचा हात धरून.
इथं प्रत्येक टाका सुटा,
प्रत्येकाला स्वतःची गाठ, दोरा काळा, रेशमी.
तीस वर्षं शिवतोय मी,
अशी शिवण कापडाला कुणी घालत नाही.
एक तुटला तरी बाकीच्यांनी धरून राहावं,
अशी ती शिवण.

आठांतले दोन तुटले होते.
मशीन बाजूला सारलं, हातसुई घेतली.
रेशीम नव्हतं, छत्रीचा दोरा चालवला.
दोन टाके, सुटे, दोन गाठी.
वाकडेच आले.

पट्ट्याचे साठ रुपये सांगितले.
टाक्यांचं काही बोललो नाही.
बाईनं पिशवी खांद्यात अडकवली, गाडीकडे निघाली,
तळवा पिशवीवर घट्ट दाबून,
चालताना आतलं वाजू नये म्हणून.